पैशाची आगोट



आज आम्ही तुमच्याशी पैशाविषयी बोलणार आहोत. पैसा कसा मिळवावा, हे आम्ही सांगणार नाही. ते तुम्हाला चांगले ठाऊक आहे. भल्या पहाटे होडी लोटणाऱ्याला, उन्हात कांदा काढणाऱ्याला, डोक्यावर पाटी घेऊन बाजार गाठणाऱ्या बाईला कष्ट म्हणजे काय हे कोणी शिकवायला नको. आम्ही बोलणार आहोत ते मिळालेल्या पैशाविषयी. पैसा घरात येतो. मग तो जातो कुठे?

मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंत कुठल्याही गावात हा प्रश्न विचारा. उत्तर एकच मिळते. "काय सांगायचं? आला तसा गेला!"

कोणी चोरला का? नाही. कोणी उधळला का? तसेही नाही. थोडा इकडे गेला, थोडा तिकडे गेला. कोणी मागितला म्हणून दिला. बाजारात दिसले म्हणून घेतले. मंडळी, ज्या पैशाला आपण घरात काम नेमून देत नाही, त्या पैशाला बाहेरचा कोणीतरी कामाला लावतो. आजच्या भाषणात सांगायचे आहे ते एवढेच. पैसा हातात येण्याआधी त्याचे काम ठरवा.

हे तुम्हाला येतेच आहे

तुम्ही म्हणाल, "हे शिकलेल्या लोकांचं काम. आम्हांला कसं जमायचं?"

आम्ही म्हणतो, हे तुम्ही दरवर्षी करता. आगोट तुम्हाला माहीत नाही का? चैत्र-वैशाखात घरातली बाई काय करते? ती बोटांवर मोजते. घरात माणसे किती? पावसाचे महिने किती? तांदूळ किती लागेल? मसाला किती कुटायचा? मीठ किती? सुके बोंबील किती, जवळा किती, सोडे किती? लाकूडफाटा कुठे रचायचा? मृगाचा पाऊस पडायच्या आत हे सगळे घरात आले पाहिजे. मग ती एकेक वस्तू आणते, वाळवते, बरणीत भरते, माळ्यावर ठेवते. आषाढात बाहेर पाऊस कोसळत असतो, समुद्र खवळलेला असतो, पण घरातली चूल पेटलेली असते.

ही अक्कल कुठल्या पुस्तकातून आली नाही. आजीने आईला दिली, आईने लेकीला दिली.

आता या आगोटीत नेमके काय आहे ते पाहा. तीन गोष्टी आहेत. काय हवे, ते ठाऊक आहे. किती हवे, ते ठाऊक आहे. कधीपर्यंत हवे, तेही ठाऊक आहे. काय, किती आणि कधीपर्यंत. या तीन प्रश्नांची उत्तरे असली, की बेगमी होते.

मग जी रीत तांदळाला लावतो, तीच पैशाला का लावू नये?

"घर चांगलं व्हावं" ही इच्छा झाली. इच्छा सगळ्यांनाच असते. "येत्या मे महिन्याच्या आत स्वयंपाकघरावर नवे पत्रे घालायचे, त्याला २० हजार रुपये लागतील," हा हेतू झाला. "पोरीनं शिकावं" ही इच्छा. "तीन वर्षांनी तिच्या शिक्षणाच्या पहिल्या भरण्याला इतके रुपये हातात हवेत," हा हेतू. इच्छेला अंग नसते. हेतूला आकडा असतो आणि तारीख असते. आकडा आणि तारीख दिली, की दर महिन्याला किती बाजूला काढायचे ते आपोआप समजते.

आपला पैसा भरती-ओहोटीचा

शहरातल्या नोकरदाराला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो. आपल्या किनाऱ्याचे तसे नाही. आपला पैसा भरती-ओहोटीसारखा आहे.

जून-जुलैत मासेमारीला सरकारची बंदी असते. होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायचा आणि मग पुन्हा दर्यात उतरायचे. त्यानंतर हातात पैसा खेळतो. अलिबागेकडचा शेतकरी भात काढून झाल्यावर पांढरा कांदा लावतो. या कांद्याला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण त्याच्या माळा बाजारात जातात त्या उन्हाळ्याच्या तोंडाला. पैसा तेव्हाच येतो. श्रीवर्धनकडे सुपारीची वाडी आहे. तिचा पैसा तिच्या हंगामात. मुंबईच्या चाकरमान्याकडून येणारा पैसा गणपतीला आणि शिमग्याला.

म्हणून आपल्याला नोकरदाराचा हिशोब चालायचा नाही. भरतीच्या वेळी ओहोटीचा विचार करायचा, हा आपला हिशोब. बारा महिने खायचे, पण साठवायचे दहाच महिन्यांत.

एका घराचा हिशोब

नुसत्या बोलण्याने पोट भरत नाही. आपण एका घराचा हिशोब मांडून पाहू. घर कोणाचे ते विचारू नका. समजा, असे एक घर आहे. घरधनी दुसऱ्याच्या होडीवर खलाशी आहे. घरची बाई मासळी विकते. म्हातारी आई आहे. एक मुलगी नववीत आहे, एक मुलगा लहान आहे.

संध्याकाळी सगळे एकत्र बसले. घरखर्च भागवून दर महिन्याला किती मागे पडू शकते, ते मोजले. पाच हजार निघाले. ऑगस्ट ते मे, महिने दहा. म्हणजे वर्षाला ५० हजार.

मग हेतू मांडले. तीन निघाले.

पहिला, जून-जुलैचा घरखर्च. महिन्याला १२ हजार धरले, तर दोन महिन्यांचे २४ हजार. हे दरवर्षी लागणार.

दुसरा, बाईच्या गळ्यातले डोरले गहाण आहे. ते सोडवायचे. व्याज धरून २२ हजार.

तिसरा, मुलीला परिचारिका व्हायचे आहे. तीन वर्षांनी ती बारावी होईल. प्रवेश, पुस्तके आणि राहणे मिळून सुरुवातीला ८६ हजार लागतील.

आता बेरीज-वजाबाकी करा. पहिल्या वर्षी ५० हजारांतून २४ हजार पावसाळ्याला गेले. उरले २६ हजार. त्यातले २२ हजार डोरल्याला गेले. उरले ४ हजार. दुसऱ्या वर्षी गहाण नाही. पावसाळा काढून २६ हजार उरले. तिसऱ्या वर्षीही २६ हजार. तीन वर्षांचे मिळून ५६ हजार झाले. हवेत ८६ हजार. तूट ३० हजार.

"म्हणजे हिशोब चुकला!" घरधनी म्हणाला.

हिशोब चुकला नाही. हिशोबाने आपले काम केले. तूट तीन वर्षे आधी दाखवून दिली. हिशोब मांडला नसता, तर हीच तूट प्रवेशाच्या दिवशी दारात उभी राहिली असती. मग काय झाले असते? एक तर सोडवलेले डोरले पुन्हा गहाण गेले असते, नाही तर पोरगी घरी बसली असती. पोरीचे शिक्षण असेच सुटते. कोणी ते मुद्दाम थांबवत नाही. वेळेला पैसा नसतो, इतकेच.

आता हातात तीन वर्षे आहेत. तूट ३० हजार, म्हणजे वर्षाला १० हजार. कमाईचे महिने दहा, म्हणजे महिन्याला एक हजार. म्हणजे रोजचे साधारण ३३ रुपये.

रोजचे ३३ रुपये कुठून येतील? म्हातारी आई म्हणाली, "माझी मिश्री मी सोडते." घरधनी थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "नाक्यावरचा चहा आणि तंबाखू धरली तर तेवढे माझेच निघतील." बाई म्हणाली, "विकून उरलेली मासळी मी पडत्या भावात देते. ती सुकवली तर चार पैसे जास्त सुटतील." मुलगी म्हणाली, "शाळेत शिष्यवृत्तीची चौकशी मी करते." तूट कोणा एकाने भरली नाही. चौघांनी मिळून भरली.

आकडे तुमच्या घरचे वेगळे असतील. कोणाकडे पाच हजारांच्या जागी पाचशेच उरतील. हरकत नाही. रीत तीच. हेतूही वेगळे असतील. पण क्रम लावताना एक लक्षात ठेवा. आधी पोटाची बेगमी. मग जास्त व्याजाचे कर्ज. मग पुढचे. सगळे हेतू एकदम पुरे होत नाहीत. कोणता आधी आणि कोणता मागून, हे घराने एकत्र बसून ठरवायचे. एकट्या पुरुषाने ठरवायचे नाही. बाजारात मासळीचा पैसा मोजते ती बाई. भिशीचा हिशोब तोंडपाठ असतो तो बाईला. मग ठरवताना तिला वगळून कसे चालेल?

भिशीचे नाव निघाले म्हणून सांगतो. भिशी वाईट नाही. पण आपला नंबर लागण्याआधीच त्या पैशाचे काम ठरवा. काम ठरलेले नसेल, तर भिशीचा पैसा दोन दिवसही टिकत नाही.

वादळाची वेगळी बरणी

३ जून २०२० चा दिवस तुम्ही विसरला नसाल. निसर्ग वादळ आपल्या किनाऱ्यावर आले. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या भागांत घरांचे पत्रे उडाले. माड मोडले. पोफळी आडव्या झाल्या. आजोबांनी लावलेल्या वाड्या एका दुपारीत गेल्या. पोफळ लावली, तर फळ धरायला पाच-सात वर्षे लागतात. तोवर घर कशावर चालायचे?

वादळ सांगून येत नाही. आजारपण सांगून येत नाही. म्हणून इतर हेतूंबरोबर एक बरणी अडचणीची असावी. तीत थोडे-थोडे टाकत जावे. निदान दोन-तीन महिन्यांचा घरखर्च तीत जमावा. सणाला तिला हात लावू नये, लग्नाला लावू नये. ती वादळाची बरणी आहे.

आणि विमा. दर्यावर जाणाऱ्याच्या घरी तो हवाच. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये भरावे लागतात. अपघाताने मृत्यू झाला, तर घरच्यांना २ लाख रुपये मिळतात. वय १८ ते ७० हवे. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचा हप्ता वर्षाला ४३६ रुपये आहे. तीत कोणत्याही कारणाने मृत्यू झाला, तरी २ लाख मिळतात. तीत वयाच्या ५० वर्षांपर्यंत नाव घालता येते. दोन्हींचे वर्ष १ जूनला सुरू होते. हप्ता बँकेच्या खात्यातून आपोआप कापला जातो. म्हणून मे महिन्यात खात्यात तेवढे पैसे शिल्लक ठेवा. मसाला, तांदूळ आणि विम्याचा हप्ता, तिन्ही आगोटीच्याच यादीत लिहा.

जमिनीचा पैसा एकदाच येतो

आता थोडे कठीण बोलायचे आहे. मासळीचा पैसा आज गेला, तर उद्या पुन्हा येईल. जमिनीचा पैसा एकदाच येतो.

उरण-पनवेलच्या लोकांना हे नीट ठाऊक आहे. नवी मुंबईसाठी १९७० नंतर तिथल्या जमिनी घेतल्या गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. त्या लोकांनी जमिनीचा वाटा का मागितला? नुसता रोख पैसा संपतो. भूखंड राहतो.

आज पुन्हा तोच काळ आहे. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचे उद्घाटन झाले. मुंबई जवळ आली. जमिनीचे भाव वाढले. गावात गाड्या येतात, दलाल येतात, चहा पाजतात, गोड बोलतात. विकावी की न विकावी, हे आम्ही सांगणार नाही. ज्याची जमीन, त्याचा निर्णय. पण सही करण्याआधी तेच तीन प्रश्न घरात विचारा. हा पैसा कशासाठी? किती? कधीपर्यंत पुरायचा?

उत्तर नसेल, तर काय होते ते आपण गावोगाव पाहतो. आधी मोठी गाडी येते. मग मांडव घालून मोठे लग्न होते. मग उसनवार मागणारे येतात. चार-पाच वर्षांनी गाडी जुनी होते, पैसा संपतो आणि जमिनीचा मालक त्याच जमिनीवरच्या बंगल्यात राखणदार म्हणून उभा राहतो. राखणदारीचे काम हलके नाही. पण मालकाला ते नशिबी यावे, हे दुःख आहे.

म्हणून पैसा खात्यात आला, की लगेच मोडू नका. आधी कर्ज फेडा. मग राहायला घर नसेल, तर घर पाहा. काही भाग ठेवीत टाका आणि त्याचे व्याज खा. मुद्दल मुलांसाठी राखा. ठेवीवर बायकोचेही नाव घाला. नारळ विकून खाता येतात. माड विकला, की नारळही गेले.

पैसा ठेवायचा कुठे?

डब्यात ठेवलेला पैसा हाताशी असतो, म्हणून तो खर्च होतो. पोस्टात ठेवा. पोस्टाच्या ठेवीला सरकारची हमी आहे. पोस्टात महिन्याला १०० रुपयांपासून आवर्ती ठेव उघडता येते. ती पाच वर्षांची असते. हप्ते आगाऊ भरता येतात. म्हणजे मे महिन्यातच जून-जुलैचे हप्ते भरून मोकळे व्हावे. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल, तर तिच्या नावाने सुकन्या समृद्धी खाते उघडता येते. त्यात वर्षाला निदान २५० रुपये टाकावे लागतात.

बँकेत ठेवलात, तरी चालेल. पण एक नियम माहीत असू द्या. बँक बुडाली, तर एका बँकेतल्या एका माणसाच्या ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण आहे. ४ फेब्रुवारी २०२० च्या आधी ते १ लाखच होते. हे संरक्षण सहकारी बँकेलाही आहे. पतसंस्थेला ते नाही. आपल्याच जिल्ह्यात पेण अर्बन बँक २०१० मध्ये अडचणीत आली आणि हजारो घरांचे पैसे अडकले. म्हणून जास्त व्याजाला भुलू नका. "वर्षात दुप्पट करून देतो," असे कोणी म्हणाला, तर त्याला दारातूनच रामराम करा.

मोबाइलवर झटपट कर्ज देतो म्हणणाऱ्यालाही तोच रामराम. सावकार आता वही घेऊन येत नाही. तो खिशातल्या फोनमध्ये बसतो.

लिहून ठेवा

तुम्ही आता वाचायला-लिहायला शिकलात. याचे मोल किती आहे, ते या मातीला विचारा. आपल्या वाडवडिलांना लिहिता येत नव्हते. खोताची कबुलायत पुढे यायची आणि ते अंगठा उठवायचे. कागदात काय आहे, ते खोताला ठाऊक. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी अखेर १९३३ मध्ये संप केला. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी होते. १९३९ पर्यंत संप चालला. शेतकऱ्यांनी खोताच्या जमिनी कसल्या नाहीत. घरात दाणा नव्हता, तरी ते हटले नाहीत. इतकी वर्षे कसे टिकले? काय हवे, ते त्यांना पक्के ठाऊक होते. ज्याला आपला हेतू ठाऊक असतो, तो उपाशी पोटीही वाकत नाही. पुढे १९४९ च्या कायद्याने खोती गेली.

आज आपल्या हातात पेन आहे. मग आपल्या घराचा कागद आपणच का लिहू नये?

चाळीस पानी वही घ्या. पानावर चार रकाने आखा. पहिल्यात लिहा, काय. दुसऱ्यात लिहा, किती. तिसऱ्यात, कधीपर्यंत. चौथ्यात, आजवर किती जमले. सुरुवातीला तीनच हेतू लिहा. खाली घरातल्या सगळ्यांनी सही करा. म्हातारीलाही सही करू द्या. तिने नाव लिहायला शिकण्यासाठी याहून चांगले निमित्त कोणते?

मग दर महिन्याला एकदा ही वही सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. वाचायचे काम पाळीपाळीने करा. जमले नसेल, तर भांडू नका. का जमले नाही, ते विचारा. आकडा मोठा झाला असेल, तर कमी करा. तारीख जवळची झाली असेल, तर पुढे ढकला. वही बदलता येते. पण बंद करू नका. नारळी पौर्णिमेला नवे हेतू लिहावे आणि मे महिन्यात जमाखर्च पाहावा. आपल्या किनाऱ्याचे वर्ष असेच चालते.

मंडळी, आम्ही फार मोठे सांगितले नाही. तुमची आई मिरच्या वाळवताना जे करत होती, तेच पैशाचे करा, एवढेच म्हणालो. आज घरी गेलात, की जेवणानंतर दिवा मालवू नका. वही काढा. पहिल्या ओळीत एक हेतू लिहा. त्याच्यापुढे आकडा घाला. त्याच्यापुढे तारीख घाला. उद्या बाजारातून पैसा घरी येईल, तेव्हा त्याचे काम ठरलेले असेल.